चिकूला घेऊन ग्रिनिचला

प्रश्न : ताई, मी साताऱ्याचा निवृत्त शिक्षक, वय 68. मुलगी-जावयाकडे लंडनमध्ये वेम्बलीला आलोय, नोव्हेंबरपर्यंत मुक्काम आहे. दोघं कामावर गेली की घरात मी आणि त्यांचा कुत्रा चिकू. कॉकापू जातीचा, तपकिरी, कुरळ्या केसांचा, तीन वर्षांचा. वजन 9 किलो. रोज त्याच कोपऱ्यापर्यंत जाऊन येण्याचा दोघांनाही कंटाळा आलाय. इथे कुत्र्याला ट्यूबमधून, म्हणजे भुयारी रेल्वेतून, नेता येतं असं ऐकलं. एखाद्या बुधवारी त्याला घेऊन ग्रिनिचला जावं, नदी बघावी आणि दिवेलागणीच्या आत परतावं असं मनात आहे. मुलगी म्हणते, "बाबा, एकट्यानं नको." माझा उजवा गुडघा दोन वर्षांपूर्वी बदललाय. जमेल का? आणि आपण परके, उगाच कोणी काही बोलणार तर नाही ना?

उत्तर : काका, जमेल. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा वाचताना दोनच गोष्टींखाली पेन्सिलीनं रेघ मारली : 9 किलो आणि उजवा गुडघा. तुमचा सगळा रस्ता या दोन गोष्टींवरून ठरवायचा आहे. का ते सांगते.

लंडनच्या ट्यूबमध्ये कुत्र्याला तिकीट नाही, पिंजऱ्याची सक्ती नाही. पट्टा हातात हवा, कुत्रा आपल्या ताब्यात हवा आणि तो सीटवर चढता कामा नये, एवढंच. पण सरकत्या जिन्यावर त्याला उचलून घ्यावंच लागतं. तशी पाटी तुम्ही जिन्याच्या तोंडाशी पाहिली असेल. नवीन माणसाला ती वाचून हसू येतं. मला येत नाही.

माझी पहिली कुत्री राणी. टेरियर, सहा-सात किलोची, म्हणजे उचलायला काहीच जड नाही. एका संध्याकाळी मला उशीर झाला होता, दोन्ही हातांत पिशव्या होत्या, लिफ्टपाशी रांग होती. मनात म्हटलं, एवढासा तर जिना आहे, उभी राहील. आणि ती राहिलीसुद्धा, अगदी शहाण्यासारखी, वरपर्यंत. घात झाला तो शेवटच्या हातभर अंतरात. सरकत्या जिन्याच्या पायऱ्यांवर उभ्या खाचा असतात, बघा. वर पोचल्यावर पायरी सपाट होते आणि लोखंडी फणीच्या दातांखाली शिरते. आपल्या पायात बूट असतो, तो त्या फणीवरून सरकतो. कुत्र्याची नखं आणि बोटांमधले केस मात्र नेमके त्या खाचांत बसतात. राणी उतरताना क्षणभर थबकली आणि तेवढ्यात तिच्या पुढच्या पायाचं नख अडकलं. ती जी ओरडली, ते मला आजही कानात ऐकू येतं. स्टेशनवरच्या एका माणसानं धावत येऊन जिन्याच्या टोकाचं लाल बटण दाबलं म्हणून बोट वाचलं. नख मुळापासून गेलं होतं. तीन आठवडे बँडेज, आणि त्यानंतर धातूची जाळी दिसली की ती चारी पाय रोवून उभी राहायची. चूक सर्वस्वी माझी होती. तेव्हापासून कोणीही विचारलं की मी आधी जिन्याचंच बोलते. ते लाल बटण जिन्याच्या वरच्या आणि खालच्या टोकाला असतं. जाता-येता ते कुठे आहे ते नजरेत भरून ठेवा.

चिकूच्या पायाच्या बोटांमध्ये तर कुरळे केस असणार. म्हणजे त्याला उचलायलाच हवं. आणि 9 किलोचा वळवळणारा जीव काखेत घेऊन, एका हातानं कठडा धरून, बदललेल्या गुडघ्यावर तोल सांभाळत हलत्या पायरीवर पाऊल टाकणं तुम्ही करायचं नाही. तुमच्या मुलीचा जीव याच विचारानं वरखाली होत असेल आणि त्यात तिचं चुकत नाही. तेव्हा आपण असा रस्ता निवडू की सरकत्या जिन्याशी गाठच पडणार नाही.

असा रस्ता तुमच्या दारातूनच जातो, हे तुमचं नशीब. वेम्बली पार्कहून ज्युबिली लाइन थेट नॉर्थ ग्रिनिचला जाते, गाडी बदलायची नाही. वेम्बली पार्कला लिफ्ट आहे. पलीकडे वेस्टमिन्स्टरपासून स्ट्रॅटफर्डपर्यंतचा लाइनीचा भाग 1999 साली झाला, त्यामुळे तिथल्या प्रत्येक स्टेशनाला लिफ्ट आहे, नॉर्थ ग्रिनिचलाही. लंडनमध्ये सगळीकडे अशी सोय नाही, जुन्या स्टेशनांत अजून जिनेच जिने आहेत. निघण्याआधी मुलीकडून फोनवर 'टीएफएल गो' हे ॲप घेऊन ठेवा, कुठली लिफ्ट बंद आहे ते त्यात दिसतं. दोन्हीपैकी एक जरी बंद असली तरी बेत पुढच्या बुधवारवर ढकला.

या लाइनीचा आणखी एक गुण कुत्रेवाल्यांना फार उपयोगी पडतो. वेम्बली पार्क सोडल्यावर नीसडन, डॉलिस हिल, विल्सडन ग्रीन, किलबर्न, वेस्ट हॅम्पस्टेड, फिंचली रोड, एवढा वेळ गाडी उघड्यावरून धावते. झाडं, घरांची परसं, आभाळ दिसत राहतं. फिंचली रोडनंतर ती बोगद्यात शिरते. कुत्र्याला गाडीची, दारांच्या आवाजाची, माणसांच्या पायांची ओळख पटायला तेवढा वेळ मिळतो. बोगद्यात चाकांची जी कर्कश किंचाळी होते तिचा त्रास आपल्यापेक्षा त्याला जास्त. माणसाला साधारण 20,000 हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, कुत्र्याला त्याच्या दुपटीहून वरचा. आपल्याला जिथे शांत वाटतं तिथेही त्याच्या कानात काही ना काही चाललेलं असतं.

म्हणून पहिल्याच दिवशी ग्रिनिच नको. आधी एक रंगीत तालीम करा. वेम्बली पार्कहून दोनच स्टेशनं, डॉलिस हिलला उतरा. तिथे जिने आहेत पण सरकते नाहीत, चिकू आपल्या पायांनी चढेल-उतरेल आणि तुम्ही कठडा धरून सावकाश. जवळच ग्लॅडस्टन पार्क आहे, तिथे तासभर फिरा आणि परत या. डॉलिस हिल लेनवर आपलं महाराष्ट्र मंडळही आहे, 1932 साली स्थापन झालेलं. आत कुत्र्याला घेऊन जाऊ नका, पण कार्यक्रमांची पाटी वाचून या. नोव्हेंबरपर्यंत आहात म्हणजे गणपती-दिवाळीत तुमची पावलं तिकडे वळतीलच.

त्या तालमीत चिकूच्या तोंडाकडे बघा, शेपटीकडे नंतर. घाबरलेला कुत्रा भुंकतोच असं नाही. तो जांभया देतो. आपल्याला वाटतं पेंगुळला. खाणं समोर नसताना ओठ चाटतो. गरम होत नसताना धापा टाकतो. मान न वळवता डोळे इतके तिरपे करतो की कडेचं पांढरं दिसतं. नेहमी मटकावणारा बिस्किटाचा तुकडाही घेईनासा झाला, तर आज त्याला पुरे झालं असं समजा. उतरा, बाकावर बसा, उलट दिशेची गाडी घ्या. माझ्या आताच्या कुत्र्याला, बंड्याला, बोगदा अंगवळणी पडायला पाच खेपा लागल्या. राणीला पहिल्याच खेपेत झोप लागली होती. प्रत्येकाचा पिंड वेगळा.

आता बुधवारचं. सकाळी साडेनऊच्या आधी निघू नका आणि दुपारी चारच्या आत परतीच्या गाडीत बसा. साडेसहा ते साडेनऊ आणि चार ते सात ही गर्दीची वेळ. तेव्हा भाडंही जास्त आणि कुत्र्याच्या उंचीवर नुसते बूट आणि बॅगा. तुम्ही तर वेम्बलीचे. स्टेडियममध्ये त्या दिवशी सामना किंवा गाण्याचा कार्यक्रम नाही ना, हे आदल्या रात्री बघून ठेवा. नव्वद हजार माणसांचं स्टेडियम आहे ते. तो लोंढा वेम्बली पार्कच्या पायऱ्यांवर येतो तेव्हा कुत्रा सोडाच, धडधाकट माणसाचाही निभाव लागत नाही.

स्टेशनात शिरताना रुंद फाटक वापरा, चाकाची खुर्ची आणि सामानवाल्यांसाठी असतं ते. अरुंद फाटकाचे दरवाजे फटकन मिटतात आणि कुत्रा दोन पावलं मागे राहिलेला असतो. डब्यात टोकाची जागा बघा. चिकूला दोन पायांच्या मध्ये घ्या, शेपूट आत, पट्टा हातभरच ठेवा. लांब होणारा दोरीचा पट्टा असेल तर तो घरी ठेवून साधा घ्या. गाडीचं दार मिटताना कुत्रा बाहेर आणि माणूस आत असं होता कामा नये. एक जुना टॉवेल किंवा सोलापुरी चादरीचा तुकडा बरोबर न्या आणि खाली अंथरा. घरच्या वासाची चिंधी पायाखाली असली की कुत्रं निम्मं शांत होतं. सकाळचं खाणं निघण्याआधी तीन तास आणि तेही अर्धंच.

नॉर्थ ग्रिनिचला लिफ्टनं वर आलात की समोर तो मोठा पांढरा घुमट दिसेल, ओ-टू. तिथून जुन्या ग्रिनिचला बसही जाते, पण बसमध्ये कुत्रा घ्यायचा की नाही ते ड्रायव्हरच्या मर्जीवर असतं आणि कधीकधी वरच्या मजल्यावर जायला सांगतात. चालत्या बसचा तो वळणदार जिना तुमच्या गुडघ्याला नको. त्यापेक्षा घुमटाच्या मागच्या धक्क्यावरून नदीतली बोट घ्या, थेम्स क्लिपर. पट्ट्यात असलेला शहाणा कुत्रा तिथे चालतो आणि तुमचं ऑइस्टर हे प्रवासाचं कार्ड किंवा बँकेचं कार्डही चालतं. पश्चिमेकडे, म्हणजे शहराच्या बाजूला जाणाऱ्या बोटीत बसा. ग्रिनिचचा धक्का लगेच येतो. तुम्हाला नदी बघायची आहे ना? मग ती काठावरून बघण्यापेक्षा तिच्या अंगावरून बघा.

एकच सांभाळा. थेम्सला लंडनमध्ये भरती-ओहोटी असते आणि पाणी सात मीटरपर्यंत चढतं-उतरतं. धक्का पाण्यावर तरंगता असल्यामुळे ओहोटीच्या वेळी त्याकडे जाणारा उतार चांगलाच तीव्र होतो. तुम्ही कठड्याच्या बाजूनं चाला आणि चिकूला दुसऱ्या हाताला ठेवा, म्हणजे तो पुढे ओढायला लागला तरी तुमचा आधार सुटणार नाही.

ग्रिनिचला उतरल्यावर पहिल्यांदा दिसेल ते कटी सार्क, 1869 सालचं चहाची वाहतूक करणारं जहाज. आत कुत्रा नेता येणार नाही, बाहेरूनच बघा. त्याच्या डोलकाठ्या बाहेरूनच जास्त शोभतात. मग सरळ ग्रिनिच पार्क. टेकडीवर जगप्रसिद्ध वेधशाळा आहे, 1675 सालची. तिथवर चढायलाच हवं असा हट्ट धरू नका. अहो, रेखांशाची शून्य रेघ चिकूला काय करायची आहे? त्याला खारी हव्यात. पायथ्यापाशी हिरवळीवर बसा. या बागेत सतराव्या शतकात लावलेली गोड चेस्टनटची झाडं आहेत, पीळ पडलेल्या सालीची, आपल्याकडच्या जुन्या चिंचेसारखी थोराड बुंध्याची. शरद ऋतूत त्यांची काटेरी बोंडं खाली पडतात, चिकूच्या पंजात काटा जात नाही ना तेवढं बघा. बागेत काही भाग कुत्र्यांना मना आहेत, फुलबाग त्यातलीच. फाटकावरच्या पाट्या वाचा. विष्ठा उचलायच्या पिशव्या खिशात दोन-तीन जास्तच असू द्या. न उचलल्यास दंड होतो. शिवाय आपल्यामागून तिथे कुणाची तरी लेकरं रांगणार असतात.

आणि काका, आता जेवणाच्या डब्याबद्दल, कारण तुम्ही साताऱ्याचे आहात आणि एकटे खाणार नाही हे मला माहीत आहे. पोहे नेणार असाल तर चिकूला एक घासही देऊ नका. कांदा कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी फोडतो, मग तो शिजवलेला असो की कच्चा. लाडू असेल तर त्यातला बेदाणा त्याहून वाईट, त्यानं मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात आणि किती खाल्ल्यावर होईल याचा भरवसा नाही. चॉकलेटही नको. माझ्या आईनं इथे आल्यावर राणीला प्रेमानं रव्याचा लाडू भरवला होता. ती रात्र आम्ही प्राण्यांच्या दवाखान्यात बाकावर बसून काढली. राणी वाचली, पण आई पुढचे कितीतरी दिवस तिच्या समोर बसून तिची माफी मागत होती. चिकूसाठी उकडलेल्या चिकनचे चार तुकडे किंवा गाजर वेगळ्या डबीत न्या. पाण्यासाठी घडीची वाटी मिळते, नसेल तर श्रीखंडाचा रिकामा डबा उत्तम.

कायद्याच्या दोन गोष्टी मुलीला विचारून घ्या. इंग्लंडमध्ये कुत्र्याला मायक्रोचिप 2016 पासून सक्तीची आहे, ती असेलच. शिवाय सार्वजनिक जागी त्याच्या गळ्यातल्या पट्ट्यावर मालकाचं नाव आणि पत्ता असावा लागतो. पुष्कळ लोक नुसता फोन नंबर लिहून मोकळे होतात. तुमचा इथला फोनही त्याला जोडून टाका, कारण त्या दिवशी चिकू हरवलाच तर मुलगी ऑफिसात आणि तुम्ही बागेत असणार.

कोणी काही बोलेल का, असं विचारलंत. बोलतील, हो. मी या शहरात चोवीस वर्षं राहते. पहिली सहा वर्षं गाडीत माझ्याशी एक अक्षर कोणी बोललं नव्हतं. राणी आली आणि त्याच गाडीत लोक वाकून विचारायला लागले, नाव काय, वय काय, हात लावू का. तुम्हालाही विचारतील. इंग्रजीची काळजी करू नका, "चिकू, थ्री इयर्स" एवढ्यावर भागतं. 'चिकू' म्हणजे काय हे मात्र समजावून सांगावं लागेल.

मला आठवतं, 1979 साली आम्ही मिरजेहून पुण्याला बिऱ्हाड हलवलं तेव्हा आमच्या वाघ्याला गार्डाच्या डब्यातल्या कुत्र्याच्या खोक्यात ठेवावं लागलं होतं. पार्सल ऑफिसात पावती, गळ्यात साखळी. आमच्याकडे पूर्ण कूपे घेण्याइतके पैसे असते तर तो पहिल्या वर्गात आमच्या पायाशी झोपून आला असता. वडील प्रत्येक मोठ्या स्टेशनला उतरून तांब्याभर पाणी घेऊन मागे धावत. गाडी सुटायची शिट्टी झाली तरी ते परत आलेले नसत आणि आई खिडकीत रामरक्षा म्हणत बसे. म्हणून कुत्रं माझ्या पायाशी बसलंय आणि गाडी चाललीय, याचं मला इतक्या वर्षांनंतरही अप्रूप आहे. तुम्ही जाऊन या, काका. मुलीला नॉर्थ ग्रिनिचहून एक फोन आणि परतीच्या गाडीत बसल्यावर एक फोन, एवढं कबूल करा. मग ती नाही म्हणणार नाही.

प्रश्न : माझा प्रश्न उलटा आहे. मी लंडनमध्येच हाउन्स्लोला राहते, वय 61. मला कुत्र्यांची लहानपणापासून भीती वाटते, गावी पिसाळलेला कुत्रा चावून चुलतभाऊ गेला. इथे बसमध्ये, गाडीत कुत्रे शेजारी येऊन बसतात. उठून गेले तर सून म्हणते लोकांना अपमान वाटतो. काय करू?

उत्तर : मावशी, खुशाल उठून जा. ज्या घरानं असा मृत्यू पाहिलाय त्या घरातल्या बाईला कोणी "काही करत नाही हो तो" असं म्हणू नये. आम्ही कुत्रेवाले हे वाक्य फार सहज बोलतो. ज्या कुत्र्यानं तुमच्या भावाला चावलं तोही कुणाच्या तरी दारातला असेल.

मनाला थोडा आधार म्हणून सांगते, ब्रिटनमधल्या कुत्र्यांतला रेबीज शंभर वर्षांपूर्वीच संपला. पण भीती अशा माहितीनं जात नाही. तेव्हा कुत्रा शेजारी आला तर मालकाकडे बघून एवढंच म्हणा : "प्लीज, होल्ड हिम क्लोज." शरीर थोडं तिरकं वळवा, हात पोटाशी घ्या, कुत्र्याच्या डोळ्यांत बघू नका. टक लावून बघणं त्याला आव्हान वाटतं, आणि नेमकं घाबरलेलं माणूसच टक लावून बघत असतं. गाडीत असाल तर पुढच्या स्टेशनाला शेजारच्या डब्यात जा. अंगावर काम चालू असल्याची पाटी किंवा पांढरा हार्नेस असलेला कुत्रा दिसला तर तो अंधांचा वाटाड्या असेल. तो तुमच्याकडे ढुंकूनही बघणार नाही, त्याचं लक्ष त्याच्या माणसात असतं. कधी धीर झाला तर तशा कुत्र्यापासून चार सीट सोडून बसून बघा, तेही एका स्टेशनापुरतं.

सुनेला माझा निरोप द्या : बंड्याला घेऊन मी गाडीत शिरते आणि समोरचं माणूस पाय आखडून घेतं, तेव्हा मी दुसऱ्या दाराशी जाऊन उभी राहते. मला त्यात कधी अपमान वाटला नाही.